मित्रकीटकांमधील कीटकनाशक-सहनशीलता : कितपत खरी आणि कितपत उपयोगाची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

जैविक कीडनियंत्रणाच्या जाहिरातींमध्ये ‘कीटकनाशक-सहनशील मित्रकीटक’ हे शब्द आता वरचेवर दिसतात. मावा खाणाऱ्या क्रायसोपाच्या अळ्या किंवा ट्रायकोग्रामा या इवल्याशा गांधीलमाशीची कार्डे शेतात सोडा, त्यांना औषधाची बाधा होत नाही, त्यामुळे फवारणीचे वेळापत्रक आहे तसेच चालू ठेवा, असा त्याचा अर्थ शेतकरी लावतात आणि विक्रेतेही तो तसाच लावू देतात. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र माझ्या मते चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे याची कारणे कीटकांच्या जीवनक्रमातच सापडतात. त्यासाठी हा धागा.

असे कीटक तयार करण्याचे काम भारतात बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. बंगळुरूचे जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालय, म्हणजे आजचा राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो, याने ट्रायकोग्रामा किलोनिस या अंडी-परोपजीवीचा एन्डोसल्फान हे कीटकनाशक सहन करणारा स्ट्रेन (खास वाण) निवडीतून तयार केला आणि ‘एन्डोग्राम’ या नावाने तो बाजारातही आला. ट्रायकोग्रामा हा परभक्षी (इतर कीटक खाणारा) नव्हे, परोपजीवी (किडीच्या अंड्यात वाढणारा) आहे, याची मला कल्पना आहे. पण निवडीची रीत दोन्हींना सारखीच लागू पडते. कीटकांना औषधाच्या वाढत्या मात्रेला सामोरे ठेवायचे, जे वाचतील त्यांच्यापासून पुढची पिढी घ्यायची आणि हा क्रम पिढ्यानपिढ्या चालवायचा. ट्रायकोग्रामाचे नर अफलित अंड्यांतून जन्मतात व त्यांच्यात जनुकांचा एकच संच असतो, त्यामुळे सहनशीलतेचे जनुक नरात झाकलेले राहू शकत नाही आणि निवड तुलनेने लवकर साधते.

पुढे एप्रिल २०११ मध्ये टिकाऊ विषारी रसायनांवरील स्टॉकहोम कराराच्या सदस्य देशांनी एन्डोसल्फानचा समावेश बंदीच्या यादीत केला आणि १३ मे २०११ रोजी, केरळमधील कासरगोडच्या काजूबागांमधील फवारणीचे परिणाम देशभर गाजत असताना, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्पादन, विक्री आणि वापर अंतरिम आदेशाने थांबवला. ज्या औषधाला तोंड देण्यासाठी तो कीटक घडवला होता ते औषधच गेले. शास्त्रज्ञांचे काम उत्तमच होते. पण एखादा स्ट्रेन निवडून, तपासून, वाढवून शेतापर्यंत पोहोचेपर्यंत बाजारातली औषधे बदललेली असतात, ही या मार्गाची अंगभूत अडचण आहे. ब्युरोने नंतर एकाहून अधिक औषधे सहन करणाऱ्या स्ट्रेनवर भर दिला आणि त्यात क्रायसोपाचाही समावेश आहे, तो कदाचित याच कारणासाठी असावा.

क्रायसोपाची गोष्ट अधिक रंजक आहे. आपल्याकडची जात क्रायसोपर्ला झास्त्रोवी सिलेमी. जुन्या पुस्तकांत तिला ‘कार्निया’ म्हटलेले आढळेल. कार्नियाच्या अळ्या पायरेथ्रॉइड गटातील औषधे निसर्गतःच चांगल्यापैकी सहन करतात, कारण त्यांच्या शरीरातील इस्टरेज एन्झाइमे या रेणूंचे विघटन करतात. प्रयोगशाळेत हे एन्झाइम दाबणारे रसायन आधी दिले, तेव्हा त्या अळ्यांचा टिकाव बराच कमी झाला. आता आपल्या कपाशीतली परिस्थिती पाहा. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रण बोंडअळीसाठी सर्रास वापरले जाते. त्यातले सायपरमेथ्रिन पायरेथ्रॉइड आहे, तर प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले असून इस्टरेज निकामी करण्यासाठीच ते ओळखले जाते; किडींमध्ये पायरेथ्रॉइडचा परिणाम वाढतो तो याच गुणामुळे. अळी ज्या एन्झाइमच्या बळावर सायपरमेथ्रिनमधून वाचते, त्यावरच दुसरा घटक घाव घालतो. म्हणून ‘पायरेथ्रॉइड-सहनशील’ या वर्णनावरून मिश्रणाच्या फवारणीबद्दल काहीही निष्पन्न होत नाही.

जाणकारांनी भर घालावी. सेंद्रिय विरुद्ध रासायनिक हा वाद कृपया या धाग्यावर नको.

वऱ्हाडकर

दादा, धागा नेमक्या वेळी काढलात. आमच्या भागातील एका पुरवठादाराने मला क्रायसोपाची अंडी देताना असेच सांगितले होते की, हे कीटक तयार केलेले आहेत, दुसऱ्या दिवशी मावा-तुडतुड्यांची फवारणी झाली तरी हरकत नाही. कोणते औषध, याचा उल्लेख त्यांनी केला नाही आणि मीही विचारले नाही. माझा प्रश्न साधा आहे. ज्या शेतात दरवर्षी फवारणी होते, तिथले स्थानिक ढालकिडे आणि क्रायसोपा आतापर्यंत आपोआप सहनशील व्हायला हवे होते. तुडतुडे झाले, पांढरी माशी झाली, बोंडअळी झाली; मग मित्रकीटक मागे का राहिले?

तनुजा_कीटकशास्त्र

वऱ्हाडकर काका, आपण विचारलेला प्रश्न कीटकशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे आणि त्याची मुख्यतः दोन उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर अन्नाचे आहे. फवारणीतून समजा शंभरातले पाच तुडतुडे वाचले, तर त्यांच्यासाठी संपूर्ण पीक अन्न म्हणून उभेच असते. स्पर्धक कमी झाल्यामुळे त्यांची पैदास उलट जोमाने होते आणि पुढची पिढी याच वाचलेल्यांची असते. त्याच फवारणीतून पाच ढालकिडे वाचले, तर त्यांचे अन्न, म्हणजे मावा, संपलेले असते. ते उपाशी मरतात, एकमेकांची अंडी खातात किंवा उडून दुसऱ्या शेतात जातात आणि तिथल्या न फवारलेल्या, नाजूक राहिलेल्या कीटकांशी त्यांचा संकर होतो. सहनशीलतेचे जनुक साठण्याआधीच पातळ होत जाते. त्यामुळे परभक्षी कीटकांत प्रतिकारकता येते ती बहुधा त्यांच्या भक्ष्यात ती आल्यानंतर, कारण तेव्हा कुठे फवारणीनंतरही खायला काही शिल्लक राहते.

दुसरे उत्तर आहाराच्या इतिहासाचे आहे. पाने खाणाऱ्या किडी लाखो वर्षे वनस्पतींमधील विषारी द्रव्ये पचवत आल्या आहेत, त्यामुळे विष निकामी करणारी यंत्रणा त्यांच्याकडे आधीपासून तयार असते आणि मांसाहारी कीटकांना तिची तेवढी गरज पडलेली नसते, असे हे मत आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते. क्रायसोपाच्या अळीतील इस्टरेजचे उदाहरण धागाकर्त्यांनी वर दिलेच आहे आणि ती अळी पूर्णपणे मांसाहारी असते.

मात्र मित्रकीटक सगळीकडे मागेच राहिले, असेही नाही. पाकिस्तानातील कापूसपट्ट्यातून गोळा केलेल्या क्रायसोपांमध्ये ऑर्गॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइड या दोन्ही गटांविरुद्ध शेतातच विकसित झालेली प्रतिकारकता २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवलेली आहे. ब्राझीलमधील एरिओपिस कनेक्सा या ढालकिड्यात लॅम्डा-सायहॅलोथ्रिन या पायरेथ्रॉइडविरुद्ध प्रतिकारकता सापडली असून तिच्यामागेही इस्टरेजच आहेत. या ढालकिड्यावर पर्नाम्बुकोच्या ग्रामीण विद्यापीठात सविस्तर काम झाले आहे आणि त्यात दिसलेली एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे : प्रतिकारक मादीला या गुणाची किंमत मोजावी लागते, तिचे आयुष्य आणि अंडी घालण्याची क्षमता कमी होते. फवारणी थांबली की असा गुण हळूहळू मागे पडणार हे उघड आहे.

सॅन_वाकीन

मी कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात, फ्रेस्नोजवळ राहतो. मूळचा नाशिककडचा असल्यामुळे बागायतीचा विषय निघाला की वाचतोच. या विषयाची सर्वात गाजलेली दोन उदाहरणे आमच्या खोऱ्यातली आहेत, म्हणून लिहितो.

पहिले व्हेडालिया ढालकिड्याचे. संत्र्यांवरील आयसेरिया या खवले किडीसाठी ॲल्बर्ट कोबेल यांनी १८८८-८९ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून आणवला आणि मोडकळीला आलेल्या बागा थोड्याच काळात सावरल्या. जैविक नियंत्रणाच्या प्रत्येक पुस्तकात इथपर्यंतची कथा असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९४६-४७ च्या सुमारास सॅन वाकीन खोऱ्यातील बागांमध्ये डीडीटीची फवारणी सुरू झाली, ढालकिडा मेला, खवले कीड वाचली आणि जवळजवळ विस्मरणात गेलेला प्रादुर्भाव पुन्हा उसळला. डीडीटी थांबवून ढालकिडे पुन्हा सोडल्यावरच तो आटोक्यात आला. सुमारे साठ वर्षे चोख काम करणारा हा कीटक एका नव्या औषधापुढे टिकला नाही.

दुसरे उदाहरण यशाचे आहे. मार्जोरी हॉय या शास्त्रज्ञ बाईंनी बदामावरील लाल कोळी खाणाऱ्या परभक्षी कोळ्याचा असा स्ट्रेन तयार केला, की जो कार्बारिल, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि गंधक हे तिन्ही सहन करत असे. यांतली कार्बारिलची सहनशीलता प्रयोगशाळेतील निवडीने आणली होती. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि गंधक यांची मात्र शेतातच आलेली होती. द्राक्षबागांत वर्षानुवर्षे भुरीसाठी गंधक मारले गेल्याने तिथल्या परभक्षी कोळ्यांत ती आधीच होती, बाईंनी ती उचलून संकराने एकत्र आणली. बदामाच्या बागांमध्ये हा कोळी टिकला आणि कोळीनाशकाची मात्रा कमी करता आली. कोळी हा तांत्रिकदृष्ट्या कीटक नव्हे हे मान्य. तरी सहनशील स्ट्रेन शेतात खरोखर उपयोगी पडल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

सम्यक

मग धागाकर्त्यांचा निष्कर्ष टिकत नाही. बदामाच्या बागेत जे जमले ते कपाशीत किंवा द्राक्षात का जमू नये? आपल्या शास्त्रज्ञांनीही तसेच काम केले आहे. ‘सहनशील मित्रकीटकांवर विसंबू नका’ असे सांगण्याऐवजी ‘अधिक औषधांसाठी सहनशील स्ट्रेन तयार करा’ असे म्हणायला हवे. शेतकऱ्याला फवारणी टाळा सांगणे सोपे असते. पीक हातचे जाताना ती टाळणे सोपे नसते.

कृष्णाकाठ

सम्यक, आपला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल मात्र तो परभक्षी कोळी आणि क्रायसोपा यांतील फरक पाहावा लागेल.

कोळ्याला पंख नसतात. तो एका बागेत सोडला की बहुतांशी तिथेच राहतो, त्याची पिढी काही दिवसांत पूर्ण होते, त्याच्या नरातही जनुकांचा एकच संच उरतो आणि बदामाची बाग वर्षानुवर्षे उभी असते. निवडलेला गुण टिकण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती मिळणे कठीण आहे. याउलट कार्नियाच्या प्रौढांचा असा स्वभाव नोंदवलेला आहे, की कोशातून बाहेर पडल्यावर पहिल्या एक-दोन रात्री ते आजूबाजूला मावा असो वा नसो, वाऱ्याबरोबर दूर उडून जातात आणि अंडी नंतर घालतात. म्हणजे आपण सोडलेल्या सहनशील अळ्या आपल्या शेतात मावा खातील, पण त्यांची पुढची पिढी आपल्या शेतात असेल याची खात्री नाही. कपाशी तर दरवर्षी उपटली जाते. अशा कीटकाचा सहनशील स्ट्रेन एका पिढीपुरता, प्रत्येक वेळी नव्याने विकत घेण्याचा माल ठरतो; तो शेतात रुजत नाही. तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे, आणि तेवढाच म्हणून तो विकला गेला तर माझी काहीच तक्रार नाही.

सहनशीलता अळीत मोजलेली असते, हेही इथेच नोंदवतो. क्रायसोपाचा प्रौढ शिकार करत नाही. तो मकरंद, परागकण आणि मावा-पिठ्या ढेकणांनी सोडलेला गोड चिकटा यांवर जगतो. त्याचा औषधाशी संबंध वेगळ्याच वाटेने येतो.

द्राक्षवेल

आमच्याकडे क्रायसोपापेक्षा क्रिप्टोलिमसचा वापर अधिक. पिठ्या ढेकणांसाठी हा ढालकिडा भारतात १८९८ पासून आहे आणि द्राक्ष, पेरू, सीताफळ या पिकांत त्याची शिफारस असते. आम्हाला नेहमी सांगितले जाते की, ब्युप्रोफेझिन हे कीड-वाढ नियंत्रक असल्याने ढालकिड्यांना सुरक्षित आहे. फवारणीनंतर प्रौढ किडे वेलीवर फिरताना दिसतातही. परंतु पुढच्या अळ्या मात्र दिसत नाहीत, असा माझा आणि शेजारच्या काही बागायतदारांचा अनुभव आहे. हे शक्य आहे का?

तनुजा_कीटकशास्त्र

अगदी शक्य आहे. वाढ नियंत्रक प्रौढाला मारत नाहीत. ते कात टाकणे, कोशात जाणे किंवा अंडी उबणे बिघडवतात. सॅन_वाकीन यांनी सांगितलेल्या व्हेडालियाच्याच बाबतीत हे दुसऱ्यांदा घडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या खोऱ्यातील संत्र्यांवर पायरिप्रॉक्सिफेन हे वाढ नियंत्रक वापरात आले आणि आयसेरियाचा प्रादुर्भाव पुन्हा वाढला. त्यानंतरच्या चाचण्यांत पायरिप्रॉक्सिफेन आणि ब्युप्रोफेझिन ही दोन्ही या ढालकिड्याच्या वाढीला आणि पैदाशीला घातक ठरली. व्हेडालियावरचा निष्कर्ष क्रिप्टोलिमसला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण आपले निरीक्षण त्याच दिशेचे आहे.

‘सुरक्षित’ हा शिक्का बहुतेक वेळा कशावर आधारलेला असतो, तेही पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटनेच्या वर्गवारीनुसार प्रयोगशाळेतील चाचणीत ३० टक्क्यांहून कमी हानी करणारे औषध निरुपद्रवी, ३० ते ७९ टक्के म्हणजे किंचित घातक, ८० ते ९९ टक्के म्हणजे मध्यम घातक आणि त्याहून अधिक म्हणजे घातक मानले जाते. या वर्गवारीत पैदाशीवरचा परिणामही धरणे अपेक्षित असते. परंतु पुष्कळ चाचण्या एक-दोन दिवसांतील मृत्यू मोजून थांबतात. ७५ टक्के ढालकिडे मारणारे औषधही ‘किंचित घातक’ याच रकान्यात बसते, हे शेतकऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

धागाकर्त्यांनी चिकट्याचा उल्लेख केला, त्यावर एक भर. स्पेनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात थायामेथोक्झाम दिलेल्या लिंबूवर्गीय झाडांवरील पिठ्या ढेकणांच्या चिकट्यातून ते औषध सिरफिड या मित्रमाशीपर्यंत पोहोचले आणि माश्या मेल्या. औषध मुळातून दिलेले असो की फवारलेले, ढेकूण तात्काळ मेला नाही तर त्याचा चिकटाच मित्रकीटकांसाठी विष ठरतो. आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारे) औषध ‘आत’ असते म्हणून मित्रकीटकांना धोका नाही, हा समज त्यामुळे तपासून घ्यायला हवा.

जुना_ऊसकरी

उसाचा एक अनुभव या चर्चेत बसतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात लोकरी मावा आला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पसरला. सुरुवातीला भुकटी, फवारणी, सगळे झाले. पण उंच वाढलेल्या, पडलेल्या उसात शिरून फवारणी करणे माणसांना शक्य नव्हते, हे एका परीने बरेच झाले. डिफा, ज्याला तेव्हा सगळे कोनोबाथ्रा म्हणत, त्याच्या अळ्या आणि मायक्रोमस हे परभक्षी वाढत गेले. नंतर एन्कार्सिया हा परोपजीवीही आला. शेडनेटमध्ये ऊस लावून त्यावर डिफा वाढवायचा आणि तिथून पाने कापून दुसऱ्या फडात न्यायची, अशी व्यवस्था उभी राहिली. यातला एकही कीटक कोणी सहनशील केलेला नव्हता. परभक्षी दिसत असलेल्या फडात औषध मारायचे नाही, एवढाच नियम होता, आणि तो पाळणाऱ्यांच्या फडात मावा खरोखर गेला.

सम्यक

उसाचे उदाहरण पटले, पण ऊस काही नुकसान सोसू शकतो. कपाशीची पाती गळू लागल्यावर शेतकऱ्याने थांबावे कसे? कोणते औषध चालेल, हे तरी स्पष्ट सांगा.

वऱ्हाडकर

मलाही तेच विचारायचे होते. आणि पुढच्या वेळी पुरवठादाराशी बोलताना नेमके काय विचारावे?

कृष्णाकाठ

औषधाची अंतिम निवड विद्यापीठाची चालू शिफारस आणि लेबल पाहूनच करावी. मी फक्त दिशा सांगतो. बीटी कपाशीचे बियाणे बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामची प्रक्रिया केलेलेच येते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे रसशोषक किडींसाठी वेगळी फवारणी करण्याचे कारण सहसा नसते. तेवढ्या काळात मित्रकीटकांना जम बसवू द्यावा. नंतर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली तर प्रथम पाच टक्के निंबोळी अर्क, आणि त्याने न भागल्यास फ्लोनिकामिडसारखे रसशोषक किडींपुरते काम करणारे औषध, हा क्रम मित्रकीटकांना तुलनेने सोसवतो. बोंडअळीसाठी क्लोरँट्रानिलीप्रोल हे पायरेथ्रॉइड किंवा प्रोफेनोफॉसयुक्त मिश्रणांपेक्षा परभक्षींना पुष्कळ कमी त्रासदायक आहे. टाळायचेच असेल तर हंगामाच्या सुरुवातीचे पायरेथ्रॉइड टाळा. आंध्रच्या कापूसपट्ट्यात १९८० च्या दशकाच्या मध्यास पांढऱ्या माशीचा जो उद्रेक झाला, त्यामागे पायरेथ्रॉइडचा बेसुमार वापर हे एक प्रमुख कारण होते.

पुरवठादाराला चार गोष्टी विचारा. स्ट्रेन कोणत्या औषधाला सहनशील आहे, कोणत्या अवस्थेत, शेतात वापरतो त्या मात्रेला की प्रयोगशाळेतल्या सौम्य मात्रेला, आणि त्यांच्या पैदासकेंद्रात ती सहनशीलता शेवटची केव्हा तपासली. चौथा प्रश्न सर्वात अडचणीचा आहे. कॉर्सिरा या धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर, कोणत्याही औषधाच्या संपर्काशिवाय पिढ्यानपिढ्या वाढवलेला स्ट्रेन आपला निवडलेला गुण तसाच टिकवून धरेल असे गृहीत धरता येत नाही. उत्तर मिळाले नाही तर ती अंडी साधी क्रायसोपाची आहेत असे समजून त्याच किमतीला घ्या, आणि सोडल्यानंतर अळी कोशात जाईपर्यंतचे आठ-दहा दिवस पंप बाहेर काढू नका.

सम्यक

क्लोरँट्रानिलीप्रोलची किंमत पाहता लहान शेतकरी पुन्हा मिश्रणाकडेच वळतो. हा प्रश्न कीटकशास्त्राचा नसेल, पण तो सोडवल्याशिवाय वरचा क्रम कागदावरच राहील.

कृष्णाकाठ

मान्य. म्हणूनच मी निंबोळी अर्क पहिला लिहिला; निंबोळ्या मे-जूनमध्ये गोळा करून, वाळवून ठेवल्या तर त्याला फक्त मजुरी लागते. किमतीच्या हिशेबावर वेगळा धागा काढावा असे सुचवतो. तिथे वऱ्हाडकरांनी आपल्या हंगामाचा फवारणीखर्च मांडला तर चर्चा आकड्यांवर होईल.